उघडून बघावं लागेल

वसमतला स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वीस-बावीस वर्षं झाली, तरी नवीन गिऱ्हाईक आलं की दारात उभं राहून माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि विचारतं, "मिस्त्री कुठं गेले?" पूर्वी मी चिडायचे. आता म्हणते, "जेवायला गेलेत, तवर मी बघते." मशीन चालू करून समोर ठेवलं की मग सांगते, मिस्त्री जेवून आले बरं का. काही जण हसतात, काही जण ओशाळतात. एका आजोबांनी तर खरंच वळून मागे बघितलं होतं.

या धंद्यात मी सगळ्यात जास्त बोललेलं वाक्य म्हणजे "उघडून बघावं लागेल." दिवसातून दहा वेळा तरी तोंडातून जातं. लोकांना ते नको असतं. "फोनवरच सांगा ना ताई, काय झालं असंल?" अहो, फोनवर मला तुमचा आवाज येतो, मशीनचा नाही! त्या वाक्याला वजन असतं हे मात्र मला फार उशिरा कळलं, जवळच्या कुरुंदा गावात. तेच सांगायला बसले आहे. पण आधी कॉम्प्युटर उघडायचा कसा ते सांगते, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही.

पहिलं काम स्क्रूचं नाही, पिनेचं. भिंतीतून पिन काढायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. हट्टा गावाकडच्या एका शाळेतले सर होते, फार भला माणूस. मी त्यांना फोनवर विचारलं, "सर, बंद केलंय ना?" म्हणाले, "बराबर बंद केलंय ताई, स्क्रीन काळी झाली." त्यांनी टीव्हीसारखा दिसतो तो मॉनिटर बंद केला होता, आणि शेजारचा डबा, म्हणजे खरा कॉम्प्युटर, घुरघुरत चालूच होता. त्यात त्यांनी पेचकस घातला. ठिणगी उडाली, सर दोन पावलं मागे आणि फोन खाली. मला इकडे नुसतं "आई गं" एवढंच ऐकू आलं. नशीब चांगलं, बोटावर निभावलं.

पिन काढल्यावरही आत थोडी लाईट साठून राहते. म्हणून चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, ती निघून जाते. मागच्या बाजूला एक पत्र्याची पेटी असते, तिच्यातून सगळ्या मशीनला लाईट जाते. ती पेटी कध्धी उघडायची नाही. पिन काढल्यावरही ती झटका देऊ शकते. मीसुद्धा उघडत नाही, सरळ दुसरी बसवते. आणि हातातलं सोन्याचं, धातूचं सगळं काढायचं, गळ्यातलं मागे टाकायचं. यावरून माझ्या सासूबाईंनी पहिली दोन वर्षं माझ्याशी उभा दावा मांडला होता. "भरल्या हातानं होत न्हाई असं कोणचं काम असतंय?" काचेच्या बांगड्या अडकून फुटल्या तर तुकडे आत जातात, म्हणून मी त्याही काढायचे. म्हणजे आगीत तेलच. मी रोज कामापुरत्या काढायचे आणि घरी जाताना घालायचे. एक दिवस त्या स्वतःच दुकानात आल्या, माझं काम बघत बसल्या, आणि जाताना माझ्या बांगड्या ठेवायला पितळी डबी देऊन गेल्या. आमच्या भांडणाचा निकाल असा लागला.

आता शेवटची गोष्ट. आतल्या कोणत्याही भागाला हात लावायच्या आधी डब्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात टेकवायचा. आपल्या अंगातही बारीक वीज असते. थंडीच्या दिवसांत नायलॉनची साडी सोडताना चटचट होतं ना, तीच. आपल्याला ती जाणवतही नाही, पण मशीनच्या आतल्या नाजूक भागाला तेवढी पुरते. मी पत्र्याला हात टेकवते तेव्हा लोकांना वाटतं बाई नमस्कार करून राहिली. एक म्हातारी कौतुकानं म्हणाली होती, "पाया पडून काम करती, म्हणून हाताला गुण हाय." मी तिला दुरुस्त केलं नाही. खोटं कौतुकसुद्धा गोड लागतं.

पण तोच नमस्कार एकदा चुकला. त्याच सरांच्या शाळेत, डिसेंबरात. गाडीवरून गारठत गेले होते, अंगावर नायलॉनची साडी, परतायची घाई. पत्र्याला हात न लावता सरळ आतली एक नाजूक पट्टी उचलली. 'चट' असा बारीक आवाज आला. सकाळी रडतखडत का होईना चालू होणारं मशीन त्यानंतर बोललंच नाही. आणि मी काय सांगितलं? "सर, हे आधीच गेलेलं होतं." सर म्हणाले, "जाऊ द्या ताई, तुमी तरी काय करनार." वर मला चहा पाजला. तो चहा मी प्याले, याची मला अजून लाज वाटते. खरं सांगायला त्या दिवशी माझी जीभ का उचलली नाही, देव जाणे. पुढे सांगू म्हणता म्हणता सरांची बदली झाली.

आमच्या भागातलं दुखणं मात्र वेगळं. इथं हळदीचा मुलूख. हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन बाजारात येऊ लागली की हवाच पिवळी होते. त्या दिवसांत कोणतंही मशीन उघडा, आत हळदीकुंकवाचा कार्यक्रम होऊन गेल्यासारखं दिसतं. त्यात दसऱ्याला शस्त्रपूजा. ट्रॅक्टर, विळा, शिलाई मशीन, तसा कॉम्प्युटर. डब्यावर स्वस्तिक, हळदकुंकू, झेंडू, आणि वरून अक्षता. डब्याला वर हवेसाठी जाळी असते, अक्षता थेट पंख्यात. दसऱ्यानंतर माझ्याकडे हमखास फोन, "ताई, आत कायतरी कडकड वाजून राहिलंय." मी सगळ्यांना सांगते, पूजा समोरून करा, डोक्यावर काही टाकू नका.

आणि आता कुरुंदा.

फोनवर एका बाईचा आवाज होता. ज्योती नाव. नवरा गजानन गावात सेवा केंद्र चालवायचा, म्हणजे लोकांचे फॉर्म भरणं, अर्ज टाईप करून देणं, उतारे काढून देणं. आठ महिन्यांपूर्वी तो मोटरसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून गाळा बंद, कॉम्प्युटर बंद. आता चालू करायला गेली तर तीनदा पी-पी-पी वाजतो आणि पडदा काळाच. तिचं म्हणणं सरळ होतं. "ताई, दीर म्हणतेत गाळा रिकामा कशाला ठेवायचा, मोबाईलवाला मागून राहिला, सोमवारी शब्द द्यायचा हाय. मशीन चालू झालं तर मी बसते गाळ्यात. मला टाईप येतंय, ह्यांनीच शिकवलंय. न्हाई झालं तर माहेरचे न्यायला बसलेत." मी विचारलं, नवीन घेणं जमेल का? म्हणाली, "ऐपत न्हाई. आन ह्यांनी तयार करून ठेवलेले समदे अर्ज त्यातच हैत." तो दिवस शनिवार होता.

मी गेले. रस्त्याकडेला एका दाराचा गाळा. ज्योती तिशीच्या आतली, डोक्यावर पदर, हडकुळी, पण डोळे जागे. उंबऱ्यावर तिची सासू बसलेली, गयाबाई. दीर माधव भिंतीला टेकून उभा. वाईट माणूस नव्हता तो. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, उगं आस लावू नका तिला. होत नसंल तर तोंडावर सांगा."

मी टेबलाकडे बघितलं. कॉम्प्युटरच्या डब्यावर गजाननचा फोटो. फोटोला हार. पुढे उदबत्तीचं घर, तेलाची पणती, तांब्या. फोटोच्या काचेला हळदीकुंकवाचा ठसा, आणि खाली जाळीवर राखेचा थर. आठ महिने, रोज सकाळ-संध्याकाळ, गयाबाईंनी त्या मशीनचा देव्हारा केला होता. लेक जिथं दिवसभर बसायचा तिथंच त्याला बसवलं होतं. माझ्या मनात आलं, मशीनला काय झालंय हे कळायला आता उघडायचीसुद्धा गरज नाही. पण तोंडातून मात्र रोजचंच वाक्य गेलं.

"मावशी, फोटो जरा खाली घ्या. उघडून बघावं लागेल."

गयाबाई ताडकन उठल्या. त्या वयात इतक्या चटकन कुणी उठताना मी बघितलं नाही. डब्याला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात मागे नेऊन त्यांनी तो धरला.

"न्हाई उघडायचं."

"आत्याबाई, असं काय करता," ज्योती पुढे झाली.

"न्हाई म्हनते ना! दवाखान्यात बी असंच म्हनले. उघडून बघावं लागंल म्हनले. माझं लेकरू आत नेलं आन शिवून भाईर दिलं. शिवून! काय घावलं त्येन्ला उघडून? उठला का माझा गजू? आता ह्येला बी उघडायला आली ही बाई. काहून उघडता समदे?"

माधवनं तोंड फिरवलं. मी हातात पेचकस घेऊन उभी, आणि मला तो कुठं लपवू असं झालं. किती वेळा बोलले असेन मी ते वाक्य! किती घरांत, किती लोकांसमोर, तोंडात चघळत असल्यासारखं. ज्याच्या घरातलं माणूस असं आत गेलेलं असेल त्याला ते कसं लागत असेल, हा विचार एकदाही आला नव्हता. मला रडू आलं. आवरलं नाही, आणि आवरायचं कारणही नव्हतं.

मी पेचकस पिशवीत टाकला आणि उंबऱ्यावर बसले. गयाबाई तशाच उभ्या होत्या. मी म्हणाले, "मावशी, चुकलं माझं. मी नाही हात लावत. पण एवढं ऐका. याला चिरावं लागत नाही, शिवावं लागत नाही. मागं दोन स्क्रू आहेत, हातानं फिरतात. बाटलीचं झाकण काढावं तसं झाकण निघतं आणि तसंच बसतं. काढायचं तर तुम्ही काढा. नाही काढलं तर मी आल्या पावली जाते, माझा राग नाही."

ज्योतीच बोलली, आणि फार शांतपणे बोलली. "आत्याबाई, हे चालू न्हाई झालं तर सोमवारी मी जाते माहेरी. मंग हितं मोबाईलवाला बसंल. फोटो तर काढावाच लागंल ना तवा बी?"

गयाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग फोटोकडे. दोन्ही हातांनी फोटो उचलला आणि ज्योतीच्या ओटीत दिला. "धर त्येला," म्हणाल्या. पणती, उदबत्तीचं घर, तांब्या स्वतः उतरवला. मी भिंतीतली पिन काढली, ज्योतीला बटण दाबून धरायला सांगितलं, आणि गयाबाईंचा हात धरून पत्र्यावर टेकवला. मग माझ्या बांगड्या काढायच्या होत्या. मी पाठ फिरवून काढल्या. त्या घरात समोरासमोर ते करणं माझ्याच्यानं झालं नाही.

स्क्रू गंजले होते, रोजच्या शिंतोड्यांनी. पहिला मी थोडा सैल करून दिला, पुढे गयाबाईंनी बोटांनी फिरवला. दुसराही. झाकण सरकलं. आणि आत सगळं पिवळं. हळद, राख, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, तांदूळ, मधल्या पंख्याला गुंडाळलेला हाराचा दोरा, आणि तेलात बसून घट्ट झालेलं कुंकू.

गयाबाई वाकून बघत राहिल्या. मग मला विचारलं, "ही हळद माझीच हाय ना?"

खोटं बोलायला इतकी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती. बाजाराची धूळ आहे मावशी, सगळ्यांच्याच मशीनमध्ये असते, एवढं म्हटलं की झालं. पण मला त्या सरांचा चहा आठवला.

"हो, तुमचीच," मी म्हणाले. "तुम्ही मायेनं घातली, पण याचा श्वास अडला. हे मेलेलं नाही बहुतेक. साफ करून बघू. तुम्ही मला मदत करा."

"सांग काय करू."

मी त्यांना पंखा धरायला लावला. फुंकर मारताना पंखा फिरू द्यायचा नसतो, नाहीतर त्यानं आतला भाग बिघडू शकतो. गयाबाईंनी एका बोटानं तो असा धरला, जसं लहान लेकराचं बोट धरावं. मी रंगकामाच्या मऊ ब्रशनं हळद झाडली, चिमट्यानं दोरा सोडवला. पाकळ्या त्या वेचून तळहातावर घेत होत्या, एकही खाली पडू दिली नाही. मधेच म्हणाल्या, "इतकं बारीक काम करायचा व्हय गं गजू? मला वाटायचं नुसता बसून राहतोय." ज्योती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आत नव्हते हात घालत वो ते. त्येन्ला बी भ्याव वाटायचं." मग त्या दोघी हसल्या आणि दोघींनी डोळे पुसले.

मशीनची तात्पुरती आठवण ठेवणारी एक बोटभर रुंद पट्टी असते. ती कडेला धरून काढली, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतला खोडरबर हलक्या हातानं फिरवला. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात स्वस्त औषध. परत बसवली, पिन लावली, ज्योतीला म्हटलं, दाब.

पी. पी. पी. काळा पडदा.

माधव भिंतीपासून हलला. ज्योतीनं फोटो छातीशी घट्ट धरला. मी पिशवीतून टॉर्च काढला. पुन्हा पिन काढली, पुन्हा सगळं पहिल्यापासून. पट्टी काढून तिच्या खाचेत टॉर्च मारला, तर तळाशी अक्षतेचा एक दाणा. म्हटलं, बसा आता! सुईनं तो हळूच उचलला, पट्टी दाबली, दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज आला. ज्योतीनं बटण दाबलं.

एकदाच, छोटंसं 'पी'. मग पडद्यावर उजेड.

आनंदानं ओरडायचं की काय, ते कुणालाच सुचेना. मीच मोठ्यानं "हात्तिच्या!" म्हणाले. मशीनची तारीख कितीतरी वर्षं मागे गेलेली होती. आतला नाण्याएवढा सेल संपला की असं होतं. नवा सेल पिशवीत होताच. तो घालून मी आजची तारीख लावली आणि झाकण बसवलं. स्क्रू गयाबाईंनीच फिरवले. मग फोटो घेऊन त्या भिंतीकडे गेल्या आणि माधवला म्हणाल्या, "हितं खिळा ठोक. त्येच्या डोक्यावर न्हाई ठेवायचं आता, हवा लागती त्येला." माधव खिळा आणायला निघाला. दारात थांबून म्हणाला, "वहिनी, मोबाईलवाल्याला मी न्हाई म्हनून सांगतो."

मी पिशवी भरत होते, तेव्हा गयाबाई स्टूल ओढून ज्योतीच्या समोर बसल्या. गिऱ्हाईक बसतं तशा, टेबलाच्या पलीकडे.

"माझं एक काम हाय," म्हणाल्या. "रेशन कार्डावरचं नाव कमी करायचं. तो दुकानदार दर महिन्याला म्हनतो, मावशी अर्ज आणा, मावशी अर्ज आणा. मी त्येच्याशी भांडून येते. तू लिव्ह."

ज्योतीचा हात माऊसवर तसाच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं एक फोल्डर उघडला. गजाननचे अर्जांचे नमुने होते ते, नावं घालून नीट लावलेले. उत्पन्न, रहिवासी, वारस, नळ जोडणी. त्यातला 'नाव कमी करणे' तिनं उघडला. सगळं लिहिलेलं होतं, फक्त नावाच्या जागी टिंबं. 'वरील व्यक्ती मयत झाल्याने त्यांचे नाव कमी करण्यात यावे, ही नम्र विनंती.'

"वाच," गयाबाई म्हणाल्या. तिनं वाचलं.

"हे गजूनं लिवलंय?"

"व्हय. गावातल्या समद्यांसाठी करून ठेवलं होतं. आपल्याला नुसती नावं भरायची."

गयाबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मग म्हणाल्या, "चांगलं लिवलंय. भर."

ज्योतीनं दोन बोटांनी, एकेक अक्षर दाबत, त्या टिंबांवर नवऱ्याचं नाव भरलं. मी प्रिंटरची पिन लावून दिली. कागद बाहेर आला, तेव्हा गयाबाईंनी अंगठा पुढे केला. ज्योतीनं त्याला शाई लावली आणि अंगठा धरून कागदावर टेकवला. मग कितीतरी वेळ तो तिनं सोडलाच नाही.